दीड लाखाचा फुल स्टॅक कोर्स: एफडी मोडू की हप्ते भरू?

प्रश्न: आम्ही खारेगावला राहतो. मिस्टर रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहेत, हातात ४८,००० येतात. घराचा हप्ता १६,८००, घरखर्च २१,०००, दहावीतल्या मुलीच्या क्लासचे ३,५००. मी घरी शिवणकाम करते, पण ते गणपती ते दिवाळी बरं, एरवी जेमतेम. मुलगा ठाण्याच्या कॉलेजात बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात यंदा वेब ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट हा विषय आहे, पण तो म्हणतो, "तिथे अजून पीएचपी ही जुनी भाषाच शिकवतात, नोकरी नाही मिळणार." स्टेशनजवळच्या एका क्लासचा सहा महिन्यांचा फुल स्टॅक कोर्स आहे, म्हणजे वेबसाइटचं समोरचं पान आणि मागचा सर्व्हर दोन्ही शिकवतात. पत्रकात 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलंय, तोंडी मात्र 'शंभर टक्के नोकरी' सांगतात. जीएसटी धरून दीड लाख, 'नो कॉस्ट ईएमआय'ने १२,५०० चे बारा हप्ते, वर प्रोसेसिंग फी २,३६०. रोख भरले तर १,३५,०००. शिवाय लॅपटॉप हवा, आहे तो फार जुना. बचत खात्यात ६०,००० आहेत. दोन लाखांची एफडी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलीय, तिची मुदत संपायला अजून चौदा महिने आहेत. सीट अडवायला २,००० भरूनही झालेत. एफडी मोडू की हप्ते घेऊ?

उत्तर: ताई, आधी तुम्हीच दिलेले आकडे एकाखाली एक मांडतो. सगळे खर्च वजा जाता महिन्याला उरतात ६,७००. क्लासचा हप्ता १२,५००. म्हणजे दर महिन्याला ५,८०० रुपये बचतीतून काढायचे. प्रोसेसिंग फी सुरुवातीलाच गेली, की बचतीत राहिले ५७,६४०. पहिला हप्ता ऑगस्टमध्ये गेला, तर मे महिन्यातल्या दहाव्या हप्त्याला खात्यात पैसे कमी पडतात. तेही हे गृहीत धरून, की मधल्या दहा महिन्यांत घरात कुणी आजारी पडलं नाही, फ्रिज बिघडला नाही आणि गावाला कुणाचं लग्न निघालं नाही. आणि लगेच जूनमध्ये मुलीची अकरावी. शिवणकामाचे पैसे मी मुद्दाम धरले नाहीत. जे कधी येतील, किती येतील याचा भरवसा नाही, त्यावर ठरलेल्या तारखेचा हप्ता बांधू नये.

तेव्हा हप्त्यांचा पर्याय इथेच बाद.

आता हे 'नो कॉस्ट' काय आहे ते बघा, कारण उद्या टीव्ही घेतानाही हेच ऐकायला मिळेल. रोख भरणाऱ्याला जी वस्तू १,३५,००० ला मिळते, तीच हप्तेवाल्याला दीड लाखाला. मधले १५,००० हे व्याजच आहे, फक्त त्याला व्याज म्हटलेलं नाही. आणि तुम्ही वर्षभर पूर्ण रक्कम वापरत नसता, दर महिन्याला मुद्दल फेडत असता. त्यामुळे हा दर वर्षाला साधारण २० टक्के पडतो, प्रोसेसिंग फी धरली की २३ च्या आसपास. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसतेच, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर अशा कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर. क्लासमधल्या काउन्सेलरला तो कागद मागा.

नुसतं गणित विचाराल, तर या दोहोंत एफडी मोडणं स्वस्त. मुदतीआधी मोडली तर जितके महिने पैसे राहिले त्या मुदतीचा दर मिळतो, त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. नुकसान होतं ते काही हजारांचं. पण ती एफडी तुम्ही मुलीच्या नावाने बाजूला काढलीय. मुलाच्या कोर्सला त्यातून सव्वा लाखाच्या वर गेले, तर ते परत कसे भरणार हे पत्रात कुठेच नाही. महिन्याला ६,७०० तले सगळेच्या सगळे टाकले तरी वीस महिने लागतील. दोन मुलांत असा हात फिरवायचा असेल तर तो मुलीला समोर बसवून, तिला विचारून फिरवा. माझं मत विचाराल तर फिरवू नका.

मग मुलाचं काय? इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पैशांचा निर्णय खरं तर इथेच होतो.

लेकाची पीएचपीबद्दलची तक्रार अगदीच खोटी नाही. नोकरीच्या जाहिरातींत रिॲक्ट, नोड, स्प्रिंग बूट अशी नव्या साधनांची नावं दिसतात आणि पोरं घाबरतात. पण जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स ज्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालतात ते पीएचपीतच लिहिलेलं आहे. आणि मुद्दा भाषेचा नाहीच. ब्राउझरने विनंती पाठवायची, सर्व्हरने उत्तर द्यायचं, पुढच्या विनंतीला सर्व्हर तुम्हाला विसरलेला असतो, म्हणून तुमची ओळख लक्षात ठेवायला कुकी आणि सेशन लागतं. माहिती टेबलांत ठेवायची आणि एसक्यूएल या भाषेने काढायची. हे कॉलेजच्या पीएचपीतही तेच आणि दीड लाखाच्या कोर्समध्येही तेच. एसक्यूएल तर १९७० च्या दशकापासून आहे. ज्याने लॉगिनचं पान एकदा स्वतः हाताने बांधलं, त्याला पुढची भाषा उचलायला फार वेळ लागत नाही. उलट ज्याने क्लासमध्ये सरांच्या स्क्रीनवर बघून शॉपिंग कार्ट टाइप केलं, तो मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो.

तेव्हा दीड लाख देण्याआधी त्याची परीक्षा घ्या. कोडिंग न येणाऱ्या आईलाही घेता येईल अशी ती आहे. त्याला सांगा, आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्यांचं एक छोटं वेब ॲप बनव. फ्लॅटधारक, महिने, पावत्या अशी तीन टेबलं. सेक्रेटरीचं वेगळं लॉगिन, सभासदाचं वेगळं. कॉलेजात जे शिकवतात त्याच पीएचपीत केलं तरी चालेल. अट एकच: ते त्याच्या लॅपटॉपवर नाही, तुमच्या मोबाइलवर, घरचं वायफाय बंद करून उघडलं पाहिजे. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घेतलं तर वर्षाला हजाराच्या आत-बाहेर; साइट सुरक्षित (https) दाखवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं.

बनवून झालं की तीन गोष्टी करून बघा. सभासदाच्या नावात डिसूझा हे आडनाव इंग्रजीत टाका, 'डी'नंतरच्या, वर दिलेल्या स्वल्पविरामासारख्या ॲपॉस्ट्रॉफीसकट. सेव्ह करताना पान लाल अक्षरांत काहीतरी बरळायला लागलं, तर समजा की आलेला मजकूर त्याने थेट एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवलाय. त्याच भोकातून बाहेरचा माणूस अख्खी यादी उचलू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय दोन-चार ओळींचा असतो, पण तो का करायचा हे माहीत असावं लागतं. दुसरं, लॉगआउट करून मागे जायचं बटण दाबा, मग पान रिफ्रेश करा. पावत्या अजून दिसल्या तर सेशन नीट बंद होत नाही. तिसरं माझं आवडतं. स्वतःची पावती उघडा आणि वरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी १२ असेल तिथे १३ करा. शेजाऱ्यांची पावती उघडली, तर लॉगिन ठेवून उपयोग काय? वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत याच जातीची चूक पहिल्या नंबरवर होती. म्हणजे नवशिकेच नव्हे, पगारी लोकही ती करतात.

या तिन्ही ठिकाणी तो पहिल्या फटक्यात नापास होईल, आणि त्यात काही वाईट नाही. बघायचं हे, की पुढच्या दोन आठवड्यांत तो स्वतः शोधून, कॉलेजातल्या मॅडमना विचारून दुरुस्त करतो का. करत असेल तर त्याला क्लासची गरज नाही. हार्वर्डचा वेब प्रोग्रॅमिंगचा सीएस५० कोर्स, फ्रीकोडकॅम्प, ओडिन प्रोजेक्ट हे सगळं फुकट आहे. रिॲक्ट, नोड, जँगो काय हवं ते त्यात आहे. आयआयटींच्या एनपीटेलचे ऑनलाइन कोर्सही फुकट, परीक्षा द्यायची तर एका विषयाला हजार रुपये, आणि कॉलेजने मान्य केलं तर त्याचं क्रेडिटही मिळतं. नव्या अभ्यासक्रमात ऑन-जॉब ट्रेनिंग आलंय, ते कुठे आणि कसं करायचं याची चौकशी त्याने आत्ताच सुरू करावी. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे पट्ट्यात पोचायला फार वेळ लागत नाही. तिथे मोठ्या नावांबरोबर पाच-दहा माणसांच्या कंपन्याही आहेत, आणि चालू असलेलं काहीतरी मोबाइलवर दाखवणारा मुलगा त्यांना प्रमाणपत्र दाखवणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

परीक्षेत तो पंधरा दिवस नुसता व्हिडिओ बघत बसला आणि एक पानही उभं राहिलं नाही, तर दोन शक्यता. त्याला हे आवडत नाही, किंवा कुणीतरी डोक्यावर बसून करून घेतल्याशिवाय होत नाही. पहिली असेल तर दीड लाख वाचले. दुसरी असेल तर क्लास लावा, पण महिन्याची फी महिन्याला घेणारा, शनिवार-रविवारचा, एकूण पंचवीस-तीस हजारांच्या आतला. ठाण्यात असे आहेत. दोन महिन्यांत जमत नाही असं दिसलं तर बंद करता येतो. कर्जाच्या हप्त्याला ती सोय नाही. महागडा कोर्स मी कुणालाच सांगत नाही असंही नाही. बी.कॉम. होऊन दोन वर्षं नोकरी केलेला, स्वतःच्या पगारातून फी भरणारा आणि कॉलेजचा आधार नसलेला मुलगा असता, तर कदाचित हो म्हटलं असतं. तुमच्या लेकाला मात्र तोच विषय, प्रॅक्टिकलची लॅब आणि विचारायला शिक्षक हे भरलेल्या कॉलेज फीत आधीच मिळतंय.

लॅपटॉपला मात्र नाही म्हणू नका. या सगळ्यात खरी गरज तीच आहे. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी बघा; वेगळं ग्राफिक्स कार्ड या कामाला लागत नाही, ते गेम खेळायला लागतं आणि दुकानदार तेच गळ्यात मारतो. वॉरंटीसह मिळणारा, कंपन्यांनी वापरून काढलेला रीफर्बिश्ड लॅपटॉपही चालेल. बजेट ५०,००० धरा, वर एक रुपया नाही. यासाठी एफडी मोडू नका, त्याच एफडीवर बँकेकडून कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट (लागेल तेवढे उचलायची, जमेल तेव्हा भरायची सोय) घ्या. दर सहसा एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. साडेआठ टक्के धरला तर वर्षभरात फेडताना महिन्याला साधारण ४,३६० आणि एकूण व्याज २,३३० च्या आसपास. ६,७०० मध्ये ते बसतं. ओव्हरड्राफ्ट असेल तर गणपती-दिवाळीच्या ब्लाउजांचे पैसे त्यातच टाका, व्याज आणखी कमी होईल. बचत खात्यातल्या ६०,००० ना हात लावू नका. तुमच्या घरखर्चाला आणि हप्त्याला ते दीड महिनाच पुरतात, आधीच कमी आहेत.

क्लासच्या पत्रकात 'प्लेसमेंट असिस्टन्स' लिहिलंय असं तुम्ही म्हणता आणि तोंडी मात्र 'शंभर टक्के नोकरी' सांगितलं. पत्रकातलं धरा, तोंडचं सोडा. असिस्टन्स म्हणजे जाहिरातींच्या लिंक व्हॉट्सॲपवर पाठवणं, इतकंही असू शकतं. नोकरीची खोटी हमी देणाऱ्या कोचिंगच्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केलीय. आणि कर्ज क्लास देत नाही, फायनान्स कंपनी देते. मुलगा तिसऱ्या महिन्यात कंटाळला किंवा क्लासला टाळं लागलं, तरी हप्ता तुमच्या मिस्टरांच्या खात्यातून जातच राहतो. चुकला तर सिबिल त्यांचं खराब होतं.

राहिले ते २,०००. ते गेले म्हणून उरलेले १,४८,००० घालवायचे नसतात. आजच क्लासला ईमेल करा, पावतीचा फोटो जोडा, 'प्रवेश रद्द, रक्कम परत करावी' एवढंच लिहा. दिले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. सीट अडवताना तुम्ही मिस्टरांचं पॅन आणि आधार दिलं होतं का, आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी काउन्सेलरला सांगितला होता का? तसं झालं असेल तर कर्ज मंजूर होऊन पडलेलंही असू शकतं. ॲपवरून दिलेल्या कर्जाला किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन सुटता येतं. प्रोसेसिंग फी मात्र कापली जाऊ शकते. म्हणून आज रात्रीच त्यांचे एसएमएस आणि ईमेल चाळा. आणि सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो महिनाभराने काढून त्यात अनोळखी कर्ज दिसत नाही ना, एवढं बघून घ्या.