हप्ता भरणाऱ्याकडे आधी बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

चाकणच्या शाखेत तुला गृहकर्ज विभाग मिळाला आणि पहिल्याच महिन्यात टार्गेटचा आकडा हातात पडला, हे कळलं. एवढ्या कंपन्या आहेत, एवढ्या इमारती उभ्या राहतायत, मग चांगला कर्जदार मिळायला इतका त्रास का, असं तू विचारलंयस. या तालुक्यात नोकरी केल्यावर मला पटलेलं उत्तर असं आहे: कारखाना आला म्हणून त्याच्या दारातलं घर घेऊ शकणारा माणूस आपोआप तयार होत नाही. मधे बरंच काही लागतं, आणि ते आहे की नाही हे बघणं हेच तुझं काम.

खेड तालुका नीट समजून घे. चाकण पूर्वी ओळखलं जायचं ते कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी. 1999 मध्ये बजाजचा कारखाना आला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, मागोमाग महिंद्रा. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शेतजमिनींवर शेड उभ्या राहिल्या. पण कायम नोकरीतला, चांगल्या पगाराचा माणूस संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतो आणि मोशीला, चिखलीला, वाकडला घरी जातो. मुलांच्या शाळा तिकडे, दवाखाने तिकडे, पाण्याची सोय तिकडे. पगार चाकणला होतो आणि त्यातून घर पिंपरी-चिंचवडमध्ये घेतलं जातं.

चाकणला मुक्कामी राहतो तो ठेक्यावरचा कामगार. लातूर-नांदेडचा, यवतमाळचा, बिहारचा मुलगा. त्याचं घर बघायचं असेल तर एखाद्या रविवारी नाणेकरवाडी किंवा मेदनकरवाडीत आत शिर. शेतकऱ्याने उरलेल्या चार-पाच गुंठ्यांत ओळीने खोल्या काढलेल्या असतात, वर पत्रा, टोकाला सामाईक संडास. एका खोलीत चौघं. दोघं रात्रपाळीला गेले की त्यांच्या गाद्यांवर दिवसपाळीचे झोपतात. या तालुक्यातली आर्थिक वाढ मला सगळ्यात खरी दिसली ती या भाड्यात. ते दर महिन्याला रोख येतं, त्यावर शेतकऱ्याची मुलं शिकतात, बहिणींची लग्नं होतात. मात्र त्याचा कागद नसतो. ना भाडेकरार, ना प्राप्तिकराच्या विवरणपत्रात नोंद. असा खोलीमालक कर्ज मागायला आला तर त्याला हाकलू नकोस. भाडं बँकेत घ्यायला लाव, विवरणपत्र भरायला सांग आणि वर्षभराने परत बोलव. असा माणूस सहसा हप्ता बुडवत नाही.

ठेक्यावरच्या मुलाचा अर्ज आला की पगारपत्रक बाजूला ठेव आणि आधी पीएफचं पासबुक मागव. त्यात आस्थापनेचं नाव बदललेलं दिसेल: काही महिने एक ठेकेदार, मधे दोन महिने काहीच नाही, मग दुसरा ठेकेदार. काम त्याच गेटच्या आत, बहुतेक त्याच लाइनवर. पगारपत्रकावर बावीस हजार दिसतात, पण वर्षाचे बारा पगार येतात का, ते फक्त पासबुक सांगतं.

आता त्यावर हप्ता मांडून बघ. वीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं मुदत. 7 टक्क्यांनी हप्ता सुमारे 15,500 होतो आणि साडेनऊ टक्क्यांनी सुमारे 18,600. अडीच टक्क्यांची वाढ अशक्य वाटत असेल तर आठव: मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. तेव्हा आपण बँकवाल्यांनी बऱ्याच कर्जांचा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि ग्राहकाला ते उशिरा कळलं. तू आधीच सांग. दोन्ही आकडे कागदावर लिहून त्याच्या बायकोसमोर ठेव.

विक्रीचे आकडे बघून हुरळू नकोस. बरेचसे फ्लॅट पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदारांनी "भाव वाढणार" म्हणून घेतलेले असतात. विमानतळ चाकण-राजगुरुनगर परिसरात होणार, ही चर्चा कितीतरी वर्षं चालली आणि त्या नावावर जमिनी विकल्या गेल्या; 2016 मध्ये जागा पुरंदरला ठरली. पुणे-नाशिक रेल्वेचं तसंच. खोडदची रेडिओ दुर्बीण आड आली आणि आखलेला मार्ग बदलायची वेळ आली. म्हणून प्रकल्पाला भेट देशील तेव्हा रात्री आठनंतर जा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोज. लोक राहत असतील तर सोसायटीकडून एप्रिल-मेचं टँकरचं बिल माग. हप्त्याच्या गणितात ते कुणीच धरत नाही.

कागदांचं तुला माहीत आहेच, तरी दोन गोष्टी. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मिळाला म्हणून थांबू नकोस, त्यांच्या संकेतस्थळावर बिल्डरने कामाची प्रगती शेवटची कधी भरली ते बघ. आणि सामाईक सातबाऱ्यावरचा गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट, पक्क्या खरेदीखताऐवजी नुसत्या साठेखत (विक्रीचा करार) आणि कुलमुखत्यारपत्राच्या (दुसऱ्याला दिलेले अधिकार) जोरावर विकलेला, कितीही ओळखीतून आला तरी हात लावू नकोस. पश्चिमेला वाडा गावाकडे, भीमाशंकरच्या वाटेवर फार्महाऊसचे प्लॉट विकतात, तिथे तर जमीन आदिवासी खातेदाराची नाही ना, हे पहिल्यांदा तपास. जमीन महसूल अधिनियमाचं कलम 36 आणि 36अ वाचून ठेव.

ज्या जोडप्याची फाइल तू अडवून ठेवलीयस, त्यांच्याबद्दल माझं मत: सरळ नाकारू नकोस. ती कायम नोकरीत आहे, तो ठेक्यावर. मग तिलाच मुख्य अर्जदार कर, पात्रता तिच्या एकटीच्या पगारावर काढ आणि बसेल तेवढंच कर्ज मंजूर कर. मागितलेल्या बारा लाखांऐवजी आठच बसले तर त्यांना आळंदीकडचं जुनं, राहतं घर बघायला सांग. नवीन इमारतीतल्या फ्लॅटपेक्षा ते स्वस्त पडेल आणि आज खोलीचं जे भाडं जातंय ते लगेच वाचेल. साहेब रागावले तर तिचं पासबुक आणि हप्त्याचे दोन्ही आकडे त्यांच्यापुढे ठेव. लेखी शेरा मारायला विसरू नकोस.

तुझी,
मॅडम