गोडाऊनमध्ये सापडलेली बिनबिल्ल्याची फायबर स्पोर्ट्स कार कुठल्या कंपनीची असेल?

लाल रंग, दोन सीटा, बिल्ला नाही, लोहचुंबक चिकटत नाही, सांगलीजवळच्या गोडाऊनमध्ये तीस वर्षं उभी. आणि तुम्ही विचारताय, ही लोटस (इंग्लंडची स्पोर्ट्स कार कंपनी) आहे का?

नाही. बहुतेक ती कुठल्याच कंपनीची नाही, कुणीतरी जुन्या गाडीवर घरगुती बॉडी बसवलेली. आपल्याकडं कंपनीनं काढलेल्या फायबरच्या गाड्या मोजक्याच. बंगळुरूच्या सिपानीची डॉल्फिन, ती काही स्पोर्ट्स कार नव्हे. आणि सॅन स्टॉर्म, दोन सीटर, ११४९ सीसीचं रेनॉ इंजिन. पण ती आली नव्वदीच्या शेवटी, म्हणजे तीस वर्षांच्या हिशेबात बाद.

मग मूळ गाडी कुठली ते कळायला चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, बघा. फियाट, अँबॅसिडरला वेगळी चॅसीच नाही, बॉडी काढली की गाडी संपली. जीप सोडली तर वेगळ्या चॅसीची, भंगारात परवडणारी गाडी म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) जाऊ नका, हेरल्डचा ९१.५ इंच आणि फियाटचा ९२ च्या आसपास, जुन्या टेपनं दोन्ही सारखेच येतात. खाली वाकून बघा. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलवर (गिअरच्या गोळ्यावर) स्प्रिंगचा आडवा पाटा दिसला की हेरल्ड.

एवढं ठामपणे सांगतोय कारण तसली गाडी आम्ही केली होती. १९८२ साली, कोल्हापुरात, उद्यमनगरच्या एका शेडमध्ये. दादानं भंगारातून हेरल्ड आणली, मी प्लास्टरचा साचा केला. फायबर मारलं पाण्याच्या टाक्या करणाऱ्या मिस्त्रीनं, त्यामुळं बॉनेट उचलायला दोन माणसं लागायची. काच घरी होत नाही, म्हणून फियाटची मागची काच पुढं लावली. दिवेही फियाटचेच. (तुमचीही काच, दिवे, दाराच्या कड्या तपासा. घरगुती गाडीत या वस्तू उसन्याच असतात.)

मी म्हणत होतो, दाराखाली दोन्हीकडं दीड इंची पाइप वेल्ड करू. हेरल्डची चॅसी बारीक, वरचा पत्रा गेला की पिळवटते. दादा म्हणाला, "वजन वाढतंय, गप बस." पहिल्याच रविवारी पन्हाळ्याच्या घाटात उजव्या वळणावर डावं दार आपोआप उघडलं. वहिनीनं डॅशबोर्डला मिठी मारली म्हणून ती राहिली, मांडीवरचा मटणाचा डबा दरीत गेला. दादा आजही चारचौघांत सांगतो की बिजागऱ्या मी तिरक्या बसवल्या होत्या. गुण्या लावून बसवल्या होत्या! चॅसी पिळली, दार उघडलं, विषय संपला. शिकलेला माणूस, पण चाळीस वर्षांत एकदा गाडीखाली वाकला नाही.

१९९१ ला सांगलीकडच्या एका व्यापाऱ्यानं ती नेली.

हां, एक राहिलं. तुमच्या गाडीचं इंजिन मागं असेल, मधून बोगदा गेलेला सपाट फ्लोअर असेल आणि व्हीलबेस ९४.५ इंच भरला, तर मी वर लिहिलेलं सगळं सोडा. ती फोक्सवॅगनच्या बीटल गाडीवर बसवलेली बॉडी. मागच्या सीटच्या जागी बोगद्यावर नंबर ठोकलेला असतो. अमेरिकेत असल्या बॉड्या किटमध्ये विकत मिळायच्या. आणि कागद शोधताना आरटीओत "स्पोर्ट्स कार" म्हणू नका, मूळ गाडीचं नाव सांगा. बॉडी बदलल्याची नोंद मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली करावी लागते, आम्ही काही केली नव्हती.

तुमची गाडी आमचीच, असं म्हणत नाही. लाल तर सगळेच मारतात. आमची मुळात पिवळी होती. दाराच्या आतल्या कडेला पॉलिश पेपर मारून बघा. पिवळा निघाला तर खाली झोपा आणि दोन्ही दारांखाली नंतर कुणी पाइप टाकलेत का बघा. टाकले असतील तर वेल्डिंग दिसेल असा जवळून फोटो टाका. दादा दिवाळीला येणार आहे.