मॅचची गोळी हरणावर चालेल का?

प्रश्न: माझा भाचा टेक्सासमध्ये परवाना घेऊन हरणाची शिकार करतो. त्याच्याकडे .308 रायफलची 168 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) मॅच काडतुसं, म्हणजे नेमबाजी स्पर्धेसाठीची काडतुसं, उरली आहेत. नेम अचूक लागतो, मग ती वापरली तर काय बिघडतं? (एक वाचक, चोपडा)

उत्तर: वापरू नयेत. मॅच गोळीच्या टोकाला बारीक भोक दिसतं, ते गोळी अंगात शिरल्यावर फुलण्यासाठी, म्हणजे पसरून रुंद होण्यासाठी नसतं. आवरणात शिसं पुढून भरतात आणि शेवटी टोक आवळतात, त्यातून ते उरतं. अशी गोळी अंगात कशी वागेल याचा भरवसा नाही. कधी न फुलता आरपार जाते, जखम अरुंद राहते, रक्त कमी सांडतं आणि जनावर लांब पळून तडफडत मरतं. कधी खांद्याच्या हाडावर लगेच फुटते, फुप्फुसापर्यंत पोचतच नाही. नेम बरोबर असूनही हे होतं, म्हणून अचूकतेचा मुद्दा इथे अपुरा आहे.

सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), बाँडेड (शिसं आवरणाला पक्कं जोडलेली) किंवा निखळ तांब्याची फुलणारी गोळी घ्यावी. 150 ते 165 ग्रेन पुरे. वजन सारखं असलं तरी गोळी बदलली की ती लागण्याची जागा सरकते, म्हणून 100 यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट मारून रायफलवरची दुर्बीण पुन्हा जुळवावी. नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश भागाच्या वरच्या कडेला. मॅच काडतुसं कागदी लक्ष्यावर संपवावीत. अमेरिकेतल्या काही राज्यांत फुलणारी गोळी सक्तीची असते, तेही तपासावं.

आपल्याकडे यावल-सातपुड्यात चितळ, सांबर मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, गोळी कुठलीही असो.