चारही बाजू ठाऊक, तरी क्षेत्रफळ निघेना

प्रश्न : आमच्या केळीच्या वावराच्या चारही बाजू ५० मीटर आहेत. मुलगी म्हणते, एवढ्यावरून क्षेत्रफळ निघत नाही. खरं का? – एक शेतकरी, रावेर

उत्तर : भाऊ, पोरगी हुशार आहे. खिळखिळी खाट कलली की चारही लाकडं तेवढीच राहतात, आतली जागा मात्र घटते. कोपरे काटकोनी असतील तर २५०० चौरस मीटर. पण एक कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर, २८ मीटर भरला, तर दुसरा ९६ आणि क्षेत्रफळ अवघं १३४४! तेव्हा नुसतं बांधावरून फिरून भागायचं नाही. ओळींतून आडवं घुसून एक कर्ण मोजा, टेप ताणून धरा. कर्णामुळे वावराचे दोन त्रिकोण होतात; मग त्यांना हेरॉनचं सूत्र, म्हणजे तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायची रीत, लावायला पोरगी आहेच. जाताना जुना सदरा घाला. केळीचा चीक धुऊन निघत नाही.