कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता गोळी बंद करू का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत कोलेस्टेरॉलविषयीची पत्रं सर्वांत जास्त होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी गोळी परस्पर थांबवली आहे किंवा थांबवायच्या बेतात आहेत. म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझं वय ५८. १४ महिन्यांपूर्वी अ‍ॅन्जिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. तेव्हा एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५० होतं, रोसुवास्टॅटिन २० सुरू केल्यावर ते ७० झालं. रिपोर्टमध्ये आता सगळं नॉर्मल दाखवतात. घरचे म्हणतात, जन्मभर गोळी घेतलीत तर लिव्हर जाईल, आता पथ्यावर भागवा. गोळी बंद करू का?
— निवृत्त एसटी कर्मचारी, जि. सातारा

नाही, कृपा करून बंद करू नका. रिपोर्टमधला ७० हा आकडा गोळी चालू आहे म्हणून दिसतो आहे. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. स्टॅटिन गटातलं औषध, म्हणजे तुमचं रोसुवास्टॅटिन, तिथली निर्मिती कमी करतं. मग यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडतं आणि त्या रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेऊ लागतात. गोळी थांबली की ही ओढ कमी होते आणि तीन-चार आठवड्यांत आकडा पुन्हा १५०च्या आसपास जातो. त्या वेळी काहीही दुखत-खुपत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पथ्य मनापासून पाळलं तरी त्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं, म्हणजे तुमच्या बाबतीत १३०पर्यंत. स्टेंट असलेल्या माणसाला ते अजिबात पुरेसं नाही.

दुसरी गोष्ट, लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा तुमच्यासाठी नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार कमी धोका असलेल्यांनी एलडीएल १००च्या खाली ठेवावं, जास्त धोका असलेल्यांनी ७०च्या खाली आणि तुमच्यासारख्या, हृदयविकार झालेल्यांनी ५५च्या खाली. नॉन-एचडीएलही बघा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) वजा केलं की तो आकडा मिळतो आणि तुमच्यासाठी तो ८५च्या खाली हवा. म्हणजे तुम्हाला अजून थोडं खाली यायचं आहे.

इथे अनेकांना वाटतं की डोस दुप्पट केला की परिणामही दुप्पट होईल. तसं होत नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या आणखी साधारण ६ टक्केच उतार मिळतो. म्हणजे रोसुवास्टॅटिन ४० घेऊन तुमचं ७० हे ६१च्या आसपास येईल. शिवाय त्याच डोसला आशियाई लोकांच्या रक्तात रोसुवास्टॅटिनचं प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा जवळपास दुप्पट आढळतं, त्यामुळे ४०चा डोस आपल्याकडे जपूनच वापरावा लागतो. त्यापेक्षा चालू गोळीला इझेटिमाइब १० मिलिग्रॅमची जोड दिली तर आणखी सुमारे २० टक्के उतार मिळतो आणि आकडा ५५-५६पर्यंत पोहोचतो. ते आतड्यातून होणारं कोलेस्टेरॉलचं शोषण अडवतं, म्हणजे त्याची वाट वेगळी आहे. पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना याविषयी जरूर विचारा.

लिव्हरची भीती समजू शकते, पण ती प्रमाणात ठेवावी. सुरुवातीला एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम रक्तात थोडं वाढू शकतं आणि ते बहुतेक वेळा आपोआप उतरतं. वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच राहिलं, तर डॉक्टर औषध थांबवून कारण शोधतात. नुसतं फॅटी लिव्हर हे स्टॅटिन सोडायचं कारण नाही. रक्तातली साखर मात्र किंचित वाढू शकते, विशेषतः आधीच काठावर असलेल्यांची, म्हणून वर्षातून एकदा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करा. स्टेंटच्या माणसाला स्टॅटिनमुळे मिळणारा फायदा यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

आणखी एक. घरात गोळ्यांच्या जितक्या स्ट्रिप आहेत तितक्या समोर ठेवा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. रोसुवास्टॅटिन अनेकदा अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये येतं. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिलं की एकच औषध दोनदा पोटात जातं. आणि उलटही होतं. ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणून जी बंद केली, तिच्यातच रक्त पातळ ठेवणारं औषधही असतं, तेही त्याबरोबर बंद होतं आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका तयार होतो. त्यातलं कोणतं औषध कधी थांबवायचं ते तज्ज्ञच ठरवतील.

रोसुवास्टॅटिन दिवसा-रात्री केव्हाही, जेवणाआधी किंवा नंतर चालतं. उपवासाच्या दिवशीही घ्यायचं. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नका. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायची.

प्रश्न : अ‍ॅटोरवास्टॅटिन २० सुरू होऊन दोन महिने झाले. पोटऱ्या आणि मांड्या दुखतात. शेजारणीलाही तसंच झालं होतं, तिने गोळी सोडली. मी काय करू? वय ४९.
— गृहिणी, कोल्हापूर

आधी एक धोक्याची खूण सांगते. स्नायू सहन न होण्याइतके दुखत असतील, पायांतलं बळ गेलं असेल किंवा लघवी चहाच्या रंगाची होत असेल, तर गोळी आजच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर मूत्रपिंडावर येतं.

तसं नसेल तर घाई करू नका. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं, मांड्या, पोटऱ्या किंवा खांद्यांत असतं. एकच गुडघा किंवा एकच टाच दुखत असेल तर कारण दुसरं शोधायला हवं. सीपीके (स्नायूंसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) या दोन तपासण्या करून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तर स्नायूही दुखतात आणि एलडीएलही वाढतं, म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ तिथेच असू शकतं. नुकतंच क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलं होतं का, तेही आठवा. त्याने रक्तातलं अ‍ॅटोरवास्टॅटिन वाढतं.

इंग्लंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना चार महिने अ‍ॅटोरवास्टॅटिन २०, चार महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार महिने काहीच नाही, असं उलटसुलट क्रमाने दिलं. गोळीवर जेवढा त्रास झाला त्यातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. दुखणं त्यांना खरंच होत होतं, फक्त त्याचं कारण बहुतेक वेळा औषध नव्हतं. म्हणून शेजारणीच्या अनुभवावरून ठरवू नका. डॉक्टरांना विचारून दोन ते चार आठवडे गोळी थांबवा आणि दुखणं रोज वहीत लिहा. थांबलं, तर कमी डोसने किंवा रोसुवास्टॅटिन ५ने, गरज पडल्यास एक दिवसाआड, पुन्हा सुरू करता येतं. बहुतेकांना कुठला तरी स्टॅटिन सोसतो.

प्रश्न : आम्ही खोबरेल सोडून ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलेलं शेंगदाणा तेल आणलं. आता भीती नाही ना?
— एक कुटुंब, रत्नागिरी

कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, त्यामुळे डब्यावरच्या त्या शब्दांना अर्थ नाही. एलडीएल वाढवतात ती संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट. खोबरेलात सुमारे ९० टक्के चरबी संपृक्त असते, शेंगदाण्याच्या तेलात पाचव्या भागाएवढी. बदल चांगलाच केलात. पण तेलाचा डबा किती दिवसांत संपतो ते बघा. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर, ही मर्यादा आहे. महिन्याचं तेल एका बरणीत काढून ठेवा आणि फोडणी चहाच्या चमच्याने मोजून घाला. एक चमचा म्हणजे ५ मिलि.

सोलकढी, मासळीचं वाटण हे कोकणी जेवणाचा जीव आहे, ते बंद करा असं सांगणार नाही. ओल्या खोबऱ्याचं वाटण आठवड्यातून दोन दिवसांवर आणा आणि बाकीचे दिवस कांदा-टोमॅटोचा रस्सा करा. माशांना पूर्ण मुभा आहे, फक्त तवाभर तेलात तळलेल्या तुकड्यापेक्षा कालवण बरं. खरी अडचण दुपारच्या चहाबरोबरच्या खारी, बटर आणि फरसाणची असते. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

वगळण्याइतकंच महत्त्व काय खाता यालाही आहे. रोज एक वाटी कुळीथ, मटकी किंवा चवळीची उसळ. इसबगोलाची साल रोज ७ ते १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, घेतली तर एलडीएल आणखी ५ ते १० टक्के उतरू शकतं. ती पूर्ण ग्लासभर पाण्यातूनच घ्या, नाहीतर घशात अडकते. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रश्न : आईबाबा आमच्याकडे मेलबर्नला आले आहेत. इथल्या रिपोर्टमध्ये बाबांचं एलडीएल ३.४ आहे. हे कमी की जास्त? आणि १२ तास उपाशी राहायला हवं होतं का?

३.४ला ३८.७ने गुणा म्हणजे भारतातल्या एककात सुमारे १३२ होतात. ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीच्या आकड्याला मात्र ८८.६ने गुणायचं. नेहमीच्या तपासणीला उपाशीपोटी जायची गरज नाही, ट्रायग्लिसराइड ४००च्या वर आलं तर तेवढी तपासणी उपाशीपोटी पुन्हा करावी. १३२ हे कमी की जास्त ते बाबांना मधुमेह, ब्लडप्रेशर, तंबाखू किंवा आधीचा हृदयविकार आहे का यावर ठरेल.

प्रश्न : वय ३४, सडपातळ, रोज चालतो, मांसाहार नाही. वडिलांना ४६व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. माझं एलडीएल १२८. मला कशाची काळजी?
— संगणक अभियंता, पुणे

वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो धोका अंगकाठीवरून कळत नाही. आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) ही तपासणी करून घ्या. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते, वेगळी सांगावी लागते. हा घटक आनुवंशिक आहे, चालण्याने किंवा पथ्याने फारसा हलत नाही. तो डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर बाकीच्या गोष्टी, म्हणजे एलडीएल, ब्लडप्रेशर, साखर, अधिक कडक ठेवाव्या लागतात आणि स्टॅटिनचा विचार लवकर करावा लागतो. वडिलांचे जुने रिपोर्ट शोधा. त्यांचं एलडीएल उपचाराआधी १९०च्या वर असेल तर भावंडांचीही तपासणी करा.

चालणं सोडू नका. त्याने एलडीएल थोडंच उतरतं, पण ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम होतो. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. तंबाखू कोणत्याही रूपात असेल, सिगारेट, मावा किंवा घरातल्या बायकांची मिश्री, तर ती आधी सुटायला हवी. आणि हृदयविकार टाळायचा म्हणून स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका, निरोगी माणसाला त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.