छातीवरची गाठ आणि पिवळे दाणे

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. तीन महिने खोकला, बारीक ताप. टीबीच्या तपासण्या निगेटिव्ह. आता बरगडीवर गाठ येऊन फुटली आणि पुवात पिवळे कण दिसतात. डॉक्टरांनी ‘ॲक्टिनोमायकोसिस’ सांगून वर्षभराचं औषध लिहिलंय. ही बुरशी आहे का? धाकट्या भावाला लागेल का?

उत्तर : भावाला लागणार नाही, ती काळजी सोडा. नाव बुरशीसारखं असलं तरी हा जिवाणू आहे आणि तो निरोगी माणसाच्याही तोंडात, हिरड्यांच्या फटीत असतो. किडक्या दातांजवळची लाळ श्वासनलिकेत उतरली की तो फुप्फुसात जम बसवतो. बहुतेक न्यूमोनिया फुप्फुसात किंवा फार तर त्याच्या आवरणात थांबतात. हा आवरण, बरगडी, स्नायू पोखरत कातडीपर्यंत येतो.

ते पिवळे कण टाकू नका. त्यांना ‘गंधकाचे दाणे’ म्हणतात (गंधक त्यात नसतोच), ते जिवाणूंचे घट्ट गुंते असतात. जखमेवर निर्जंतुक कोरडं गॉज काही तास बांधलं तर दाणे त्यावर सापडतात. दाणा काचपट्टीवर चिरडून ग्राम पद्धतीने रंगवला की जांभळे, फांद्या फुटलेले तंतू दिसतात. नोकार्डिया नावाचा दुसरा जिवाणूही असाच दिसतो, पण त्याचं औषध निराळं, म्हणून दोघांतला फरक कळायला सौम्य आम्लाची रंगचाचणीही करून घ्यावी.

कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहणं, बरेचदा फसतं. या जिवाणूला हवेतला ऑक्सिजन सोसत नाही आणि तो वाढतोही रमतगमत. वरवरचा स्वॅब, आधीच सुरू झालेलं अँटिबायोटिक किंवा दोन दिवसांत आटोपलेली तपासणी, यातलं काहीही झालं तरी रिपोर्ट कोरा येतो. पू सुईने ओढून, फ्रीजमध्ये न ठेवता लगेच पाठवावा आणि ऑक्सिजनविरहित कल्चर निदान 14 दिवस ठेवायला सांगावं.

उपचार म्हणजे पेनिसिलिन : साधारण 2 ते 6 आठवडे शिरेतून, पुढे तोंडाने पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन 6 ते 12 महिने. दाण्यांभोवती जाड, रक्त कमी असलेली ऊती तयार होते, औषध आत झिरपायला वेळ लागतो. महिन्याभरात जखम सुकते, खोकला जातो, घरचे गोळ्या थांबवतात आणि शेजारीच नवं तोंड फुटतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, पर्याय आहेत. नुसत्या मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकवर मात्र हा जिवाणू मरत नाही.

खोकल्यातून रक्त आलं किंवा धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. किडके दात औषध चालू असतानाच दुरुस्त करून घ्या.