इंजिन होतंय, गेम होत नाहीये

प्रश्न : दादा, ऑफिस करून रोज रात्री दोन तास स्वतःचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर लिहितोय, दीड वर्ष झालं पण गेम एकही नाही. सोडून देऊ का? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अरे सोडू नकोस, फक्त क्रम उलटा कर. आधी एक छोटासा गेम घे, सराफ्यातली, म्हणजे आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, रात्र समज, गिऱ्हाईक भुट्ट्याचा कीस मागतंय, दुकानदार देतोय, बास, आणि त्याला लागेल तेवढंच इंजिनात, म्हणजे तुझ्या त्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घाल. विंडो, कीबोर्ड, आवाज स्वतः लिहीत बसू नको, त्यासाठी एसडीएल ही तयार कोडची लायब्ररी १९९८ पासून आहे आणि फुकट आहे. खरा वेळ खातो तो एडिटर, म्हणजे गेममधल्या गोष्टी मांडायचा, बदलायचा भाग. साधं अन्डू घे, प्रत्येक बदल मागे कसा घ्यायचा हे साठवावं लागतं आणि ते नंतर चिकटवायला गेलास तर अर्धा कोड परत लिहावा लागतो, म्हणून हे आत्ताच ठरव, प्लीज. सेव्ह फाइलमध्ये व्हर्जन नंबरही आजच टाक. सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) म्हणजे एकेका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद, तेव्हा हालचालीचा हिशोब फ्रेमवर नको, ठरावीक वेळेवर कर, नाहीतर जुन्या लॅपटॉपवर दुकानदार रांगत चालेल. अडलास की गोडो हे तयार गेम इंजिन उघड, २०१४ पासून ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, त्याचा कोड वाच. गेम झाला की मला नक्की पाठव.